सेइको ६१३९ : सेकंदकाटा उभा, घड्याळ चालू

दोन बटणांचं, पिवळ्या किंवा निळ्या तबकडीचं जुनं सेइको तालुक्याच्या बाजारात हाती लागलं आणि सेकंदकाटा बारावर उभा दिसला, तर ते बंद समजू नका. हे सेइकोचं ६१३९ मॉडेल, आणि त्याला रोजचा सेकंदकाटा नाहीच. मधला लांब काटा स्टॉपवॉचचा. वरचं बटण दाबलं की निघतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालच्या बटणाने शून्यावर येतो. सहाच्या जागची छोटी तबकडी ३० मिनिटं मोजते.

सेइकोने १९६४ साली टोकियो ऑलिंपिकच्या वेळी एका बटणाचा क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, काढला होता. त्याला चावी द्यावी लागे. ऑटोमॅटिकची, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणाऱ्या क्रोनोग्राफची, चुरस १९६९ची. जानेवारीत झेनिथ या स्विस कंपनीने, मार्चमध्ये ह्यूअर-ब्राइटलिंग या स्विस कंपन्यांच्या गटाने घोषणा केल्या. सेइकोने मे महिन्यात जपानच्या दुकानांत माल ठेवला, फारसा गाजावाजा न करता. पहिलं कोण, हा वाद अजून चालतो. रचनेत मात्र ६१३९ उजवं. जुन्या पद्धतीत दातेरी चाक बाजूने सरकून दुसऱ्यात अडकतं, दात दातावर आला की काटा उडी मारतो. इथे क्लच उभा आहे, मोटारसायकलच्या क्लचप्लेटसारखा घर्षणावर चालणारा. काटा न उडता सुटतो आणि कायम चालू ठेवला तरी चालतो.

शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, निकालाला मात्र हे पुरणार नाही. तासाला २१,६०० ठोके, म्हणजे सेकंदाला ६. त्याहून बारीक फरक काटा दाखवूच शकत नाही.

१९७३-७४ साली स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावरच्या ८४ दिवसांच्या मोहिमेत अंतराळवीर विल्यम पोग यांच्याजवळ पिवळं ६१३९ होतं. नासाचं अधिकृत घड्याळ ओमेगाचं होतं, हे त्यांनी स्वतःहून नेलेलं. पिवळ्या ६१३९ला संग्राहक ‘पोग’ म्हणतात, ते नाव तिथून आलं आणि भावही तिथूनच चढला.

किल्ली, म्हणजे वेळ लावायची बाजूची गोल खुंटी, फिरवून चावी बसत नाही. घड्याळ आडवं हलवून सुरू करायचं. किल्ली अर्धी दाबली की तारीख बदलते, पूर्ण दाबली की वार. रात्री ९ ते १ दाबू नका, कॅलेंडरचे दात दुखावतात. दुरुस्तीत सगळ्यात मोठा घोटाळा तेलाचा. क्लचच्या घर्षणाच्या जागी तेल गेलं की काटा घसरतो, अडखळतो. तो भाग उघडूच देऊ नका. काटा शून्याच्या बाजूला थांबत असेल तर बहुधा तो दांड्यावर सैल झालेला असतो. मागे पाण्यासाठी ७० मीटर लिहिलेलं असलं, तरी पन्नास वर्षांत रबरी रिंगा कडक झालेल्या असतात. मे महिन्याचा घाम आणि कापसाच्या हंगामातली धूळ दोन्ही आत जातात.

नव्याने रंगवलेल्या तबकड्या भरपूर आहेत, म्हणून तबकडीवर विसंबू नका. मागच्या झाकणावरचा अनुक्रमांक वाचा: पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिन्याचा, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला ओ, एन, डी. ‘वॉटर प्रूफ’ हे शब्द सुरुवातीच्या वर्षांतले, पुढे ‘रेझिस्ट’ आलं. पहिला आकडा ५ (म्हणजे १९७५) आणि झाकणावर ‘प्रूफ’ असेल, तर ते घड्याळ दोन-तीन घड्याळांचे भाग जुळवून केलेलं समजा आणि भाव त्या हिशेबाने करा.