सिस्टर रात्रभर डोळ्यात टॉर्च का मारतात?

डोक्याला मार लागलेला पेशंट ॲडमिट असला की वॉर्डात एक तक्रार हमखास ऐकू येते, "नुसती टॉर्च मारून जात्यात, औषध काय देईनात आणि पोराला झोपू बी देईनात." कोल्हापुरात हायवेला शिरोली-कागलच्या बाजूला गाडी घसरून पडणारी पोरं काय कमी नाहीत, त्यामुळं ही तक्रार घरोघरी पोचलेली आहे. पण खरं सांगायचं तर त्या रात्रीचं सगळ्यात मोलाचं काम ती टॉर्चच करत असते. सीटी स्कॅनमध्ये दिसतं ते तेवढ्या वेळेपुरतं, नंतर कवटीच्या आत हळूहळू रक्त साठायला लागलं तर ते कळणार कसं? कुणीतरी परत परत येऊन बघितलं तरच.

काय बघायचं याची पद्धत ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी १९७४ मध्ये मांडली. आज वापरतात त्यात डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ असे १५ मार्क, आणि काहीच प्रतिसाद नसला तरी ३. हाक मारून उठला नाही तर नखावर पेन आडवा दाबतात, नातेवाईक चिडतात, पण हात नुसता मागे घेतला की दुसऱ्या हातानं पेन ढकलायला आला यात एका मार्काचा फरक आहे. वॉर्डात झोपलेला माणूस "मी रंकाळ्यावर आहे" म्हणाला तर बोलण्याचे ५ चे ४ होतात. इथंच कुणीतरी म्हणतं बाहेरचं लागलंय, मग अंगारा, लिंबू सुरू. याचा मला मनापासून राग येतो, कारण अचानक असंबद्ध बोलणं ही मेंदूवर दाब वाढत असल्याची खूण असू शकते आणि त्यात गेलेला तास परत मिळत नाही.

आता टॉर्च. उजेड डोळ्यात गेला की सिग्नल दुसऱ्या क्रेनिअल नर्व्हनं (मेंदूतून थेट निघणाऱ्या, नंबर दिलेल्या नसांपैकी दुसरी, बघण्याची) मिडब्रेनमध्ये, म्हणजे मेंदूच्या देठाच्या वरच्या भागात जातो, तिथून तो दोन्ही बाजूंना वाटला जातो आणि मग दोन्हीकडच्या तिसऱ्या नर्व्हमधून परत येऊन बाहुली बारीक करतो, म्हणजे टॉर्च एका डोळ्यात मारली तरी दोन्ही बाहुल्या आकसतात! म्हणून सिस्टर दुसऱ्या डोळ्याकडं पण बघत असतात. समजा डावी दुसरी नर्व्ह गेली, तर डाव्या डोळ्यात टॉर्च मारल्यावर दोन्ही बाहुल्या हलणार नाहीत आणि उजवीकडं मारली की दोन्ही आकसतील. पण डावी तिसरी नर्व्ह गेली असेल तर टॉर्च कुठंही मारा, उजवी आकसणार आणि डावी मोठीच राहणार. दोनदा टॉर्च मारून बिघाड जाताना आहे की येताना, एवढं कळतं. मला तर हे कितीही वेळा वाचलं तरी भारी वाटतं.

याहून भारी पुढं आहे. कवटी हाडाची, ती काय फुगत नाही, त्यामुळं एका बाजूला रक्त साठलं की मेंदूचा आतल्या कडेचा भाग खाली सरकतो आणि त्याच वाटेवर असलेल्या तिसऱ्या नर्व्हला दाबतो. बाहुली बारीक करणारे तंतू या नर्व्हच्या बाहेरच्या थरात असतात, म्हणून बाहेरून दाब आला की आधी तेच मार खातात आणि त्या बाजूची बाहुली मोठी होऊन थांबते. शुगरमुळं हीच नर्व्ह बिघडली तर उलटं होतं, नर्व्हच्या आतल्या भागाचा रक्तपुरवठा बिघडतो, पापणी लोंबते, डोळा नीट फिरत नाही, पण बाहुली बहुतेक वेळा ठणठणीत. नर्व्ह तीच, पण कारण वेगळं म्हणून खूण वेगळी.

दोन बाहुल्यांमध्ये थोडा फरक साधारण पाचातल्या एका धडधाकट माणसातही असतो, त्यामुळं तेवढ्यावरनं घाबरायचं कारण नाही, आधी सारख्या होत्या आणि आता एक मोठी झाली हे धोक्याचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा डोळ्यात थेंब घातले असतील तरी बाहुली वेगळी दिसू शकते, तेव्हा आजोबांना ॲडमिट करताना हे सिस्टरांना आपणहून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.