जायला आठ तास, यायला दहा

मावशीचं टोकियोचं तिकीट आलं आणि फॅमिली ग्रुपवर लगेच तिचा प्रश्न. मुंबईतून रात्री 8 ला निघून पोचणार सकाळी साडेसातला, येताना मात्र सकाळी 11 ला निघून संध्याकाळी साडेपाचला मुंबईत, मग येताना विमान जोरात पळवतात की काय? उलट आहे गं. जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे, तेवढा हिशोब केला की जायला 8 तास आणि यायला 10 निघतात. अंतर तेच, सरळ मोजलं तर साधारण 6,800 किमी.

मग एका काकांनी नेहमीचं टाकलंच, "पृथ्वी खाली फिरते ना!" अहो, पृथ्वी फिरते पूर्वेला, तसं असतं तर टोकियोच पुढे पळालं असतं आणि जातानाच जास्त वेळ लागला असता. हवा पण पृथ्वीसोबतच फिरते. एकसारख्या वेगाने चाललेल्या एसटीत उडी मारली तर आपण मागच्या सीटवर जाऊन पडत नाही, तसंच.

खरा खेळ 10-12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला वाहणाऱ्या जोरदार वाऱ्याचा, म्हणजे जेट स्ट्रीमचा. हा वारा तयार कसा होतो ते मला भयंकर आवडतं, त्यामुळे जरा सहन करा. विषुववृत्तावरची जमीन ताशी जवळपास 1,670 किमीने पूर्वेला फिरते, 30 अंशावर वर्तुळ लहान म्हणून तोच वेग 1,450 च्या आसपास. विषुववृत्ताजवळ तापून वर गेलेली हवा उत्तरेकडे सरकते ती आपला जादाचा वेग घेऊनच, शिवाय ती पृथ्वीच्या आसाच्या जवळ येत जाते त्यामुळे कोनीय संवेग (म्हणजे गोल फिरण्याचा जोर) टिकवायला आणखी जोरात फिरते, गिरकी घेताना हात अंगाशी ओढले की वेग वाढतो ना, तोच प्रकार. घर्षण वगैरे सोडून गणित केलं तर 30 अंशावर तिने जमिनीपेक्षा ताशी 480 किमीने पुढे पळायला हवं. प्रत्यक्षात एवढी नाही पळत, पण हिवाळ्यात एकीकडे गोठलेला सायबेरिया, दुसरीकडे कोमट पॅसिफिक, त्या फरकामुळे जपानवर हा वारा 200-300 सहज गाठतो.

वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानतज्ज्ञाने 1920 च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला होता. जगाला कळावं म्हणून 1926 मध्ये अहवाल लिहिला एस्पेरांतो या सगळ्या जगासाठी म्हणून मुद्दाम बनवलेल्या भाषेत, आणि नेमका म्हणूनच कुणी फारसा वाचला नाही! 1944 मध्ये टोकियोवर आलेल्या अमेरिकन बी-29 विमानांचे बॉम्ब भलतीकडेच पडायला लागले तेव्हा कुठे तिकडे डोळे उघडले.

आता हिशोब. विमानाचा वेग 900 धरला तर वारा नसताना 7 तास 33 मिनिटं. सरासरी 100 चा वारा पाठीवर घेतला तर 6 तास 48, तोंडावर घेतला तर साडेआठ. म्हणजे जाताना वाचतात 45 मिनिटं, येताना जातात 57, वारा कमावून देतो त्यापेक्षा जास्त वसूल करतो. बाकी वेळ रनवे, चढउतार आणि रस्त्यातल्या वळशांचा.

आजी म्हणाली सोमवारी पूर्वेला दिशाशूल असतो, दिवस बदल. विमानाला शूल असलाच तर तो पश्चिमेचा, आणि थंडीत रोजचाच. जुलै-ऑगस्टमध्ये हा वारा मंदावतो, उत्तरेला सरकतो, तेव्हा फरकही कमी होतो. मावशीला सांगितलं तेव्हा जा, पण तिला म्हणे बर्फच बघायचाय.