डायनासोरपटांतील विज्ञान : चूक कोणत्या वर्षाची?

डायनासोरवरचा नवा चित्रपट प्रदर्शित झाला की त्यातील चुकांची यादी लगोलग फिरू लागते. अंगावर पिसे का नाहीत, हा प्राणी इतका मोठा कसा, भिन्न काळांतील प्राणी एकत्र कसे आले, हे आक्षेप बहुधा रास्तच असतात. मात्र ती चूक कोणत्या वर्षीच्या ज्ञानाशी ताडून ठरवली, हे त्या यादीत क्वचितच सांगितलेले असते. काही चुका मुळात त्या-त्या काळच्या विज्ञानाच्या होत्या आणि चित्रपटाने त्या प्रामाणिकपणे उचलल्या. काही मात्र खरे काय ते ठाऊक असूनही कथेसाठी केल्या गेल्या. दोन्हींना एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते.

१९२५ च्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’साठी विलिस ओब्रायन यांनी एकेक चौकट टिपत हलवली ती डायनासोरांची छोटी प्रारूपे मार्सेल डेलगाडो यांनी घडवली होती, आणि त्यांच्यासमोर आदर्श होता तो चार्ल्स नाइट यांच्या चित्रांचा. नाइट हे न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीसाठी तेथील शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली चित्रे काढत असत. त्याच संग्रहालयात १९१५ मध्ये उभारलेला टायरॅनोसॉरसचा सांगाडा ताठ उभा होता, त्याची शेपटी जमिनीला टेकलेली होती आणि पुढच्या पायांची हाडे हाती नसल्यामुळे त्याला खऱ्या दोन-दोनऐवजी तीन-तीन बोटे बसवलेली होती. तेव्हा १९३३ च्या ‘किंग काँग’मधील त्याच ठेवणीचा तीन बोटांचा प्राणी पाहून ओब्रायन यांना दोष देण्यात अर्थ नाही. याउलट १९६६ च्या ‘वन मिलियन इयर्स बी.सी.’ने आदिमानव आणि डायनासोर यांना समोरासमोर उभे केले, ते अज्ञानापोटी नव्हे. दोघांच्या मध्ये सहा कोटी वर्षांहून अधिक काळाचे अंतर आहे, हे तेव्हाही पुरते माहीत होते.

विज्ञानाने स्वतःचे चित्र बदलायला घेतले ते साठच्या दशकात. जॉन ऑस्ट्रॉम यांना १९६४ मध्ये अमेरिकेतील मोंटाना राज्यात डायनोनायकस या शिकारी डायनासोरचे अवशेष सापडले. पायाच्या एका बोटावर विळ्यासारखी नखी, ताठ राहून तोल सांभाळणारी शेपटी आणि चपळ बांधा असलेल्या या प्राण्याचे वर्णन त्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. डायनासोर म्हणजे सुस्त, थंड रक्ताचे अजस्र सरडे, ही समजूत त्यामुळे डळमळली. ऑस्ट्रॉम यांचे विद्यार्थी रॉबर्ट बॅकर यांनी तर डायनासोर उष्णरक्ती होते, अशी बाजू हिरिरीने मांडली. अभ्यासकांत हा वाद गाजला, पण प्रेक्षकांसमोर तो पूर्ण ताकदीने यायला १९९३ साल उजाडले.

‘जुरासिक पार्क’चे खरे महत्त्व संगणकीय चित्रणाइतकेच या बदललेल्या दृष्टीत आहे. शेपटी उचलून, पाठ आडवी ठेवून चालणारे, कळपाने धावणारे डायनासोर बहुसंख्य प्रेक्षकांनी तेव्हा प्रथमच पाहिले. पुराजीवशास्त्रज्ञ जॅक हॉर्नर चित्रपटाचे सल्लागार होते. स्वयंपाकघरातील प्रसंगाच्या प्राथमिक चाचणीत रॅप्टर, म्हणजे व्हेलोसिरॅप्टर हे शिकारी डायनासोर, सापासारखी दुभंगलेली जीभ बाहेर काढत होते. हॉर्नर यांनी त्यास हरकत घेतली आणि ती जीभ गेली. चित्रपटात आज दिसते ते असे : दाराच्या गोल काचेमागे रॅप्टरचे तोंड येते, तो नाकपुड्यांतून श्वास सोडतो आणि काच धुकटते. उष्णरक्ती असण्याचा पंचवीस वर्षांचा वाद एकही संवाद न घालता एका उच्छ्वासात दाखवणारा हा क्षण, माझ्या मते, विज्ञान आणि चित्रपट यांच्या सहकार्याचा सर्वोत्तम नमुना आहे.

तरीही याच चित्रपटात दोन्ही प्रकारच्या चुका आहेत. मंगोलियात सापडलेला खरा व्हेलोसिरॅप्टर टर्की कोंबड्याच्या उंचीचा होता. पडद्यावरचा प्राणी आकाराने डायनोनायकसच्या जवळचा आणि त्याहूनही थोराड आहे. डायनासोर-अभ्यासक ग्रेगरी पॉल यांनी १९८८ मधील आपल्या पुस्तकात डायनोनायकसला व्हेलोसिरॅप्टर या प्रजातीतच समाविष्ट केले होते आणि मायकेल क्रायटन यांच्या मूळ कादंबरीत तेच नाव आले. म्हणजे नावाचा घोळ एका शास्त्रीय मतभेदातून आला आहे. डायलोफोसॉरसचे मात्र तसे नाही. सुमारे सहा मीटर लांबीच्या या प्राण्याला खुजे करून मानेभोवती पडदा आणि तोंडात विष दिले गेले, त्याला जीवाश्मांचा कोणताही आधार नाही.

राळेत अडकलेल्या डासाने शोषलेल्या रक्तातून डायनासोरचा डीएनए मिळवायचा, ही कथेचा पाया असलेली कल्पना तेव्हा आजच्याइतकी अशक्य वाटत नव्हती. अमेरिकेत चित्रपट सर्वत्र लागण्याच्या आदल्याच दिवशी, १० जून १९९३ रोजी, लेबनॉनच्या राळेत अडकलेल्या बारा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या भुंग्याचा डीएनए मिळाल्याचा दावा ‘नेचर’मध्ये छापून आला होता. असे दावे पुढे पुनरावृत्तीच्या कसोटीवर टिकले नाहीत. न्यूझीलंडच्या नामशेष मोआ पक्ष्यांच्या हाडांवरील २०१२ च्या अभ्यासाने तर डीएनएच्या साखळीतील निम्मे दुवे सुमारे ५२१ वर्षांत तुटतात, असे दाखवून दिले.

त्यानंतर भूमिका उलटल्या. १९९६ मध्ये चीनच्या लियाओनिंग प्रांतातून सायनोसॉरॉप्टेरिक्स या डायनासोरचा पिसांसारख्या तंतूंचे आवरण असलेला जीवाश्म जगासमोर आला, आणि २००७ मध्ये खुद्द व्हेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसे रुजण्याच्या जागी असतात तशा गाठी आढळल्या. एव्हाना १९९३ चे रूप लोकांच्या मनात इतके घट्ट बसले होते की, ते बदलायला चित्रपटकर्तेच कचरू लागले. २००१ च्या तिसऱ्या भागात रॅप्टरच्या डोक्यावर चार तुरे दिसले, पण २०१५ च्या ‘जुरासिक वर्ल्ड’मध्ये तेही गेले. हे प्राणी मुळात जनुकीय फेरफारांतून घडवलेले आहेत, असा खुलासा पात्राच्या तोंडी घालण्यात आला. कथेच्या चौकटीत तो बसतो, हे मान्य. पण ज्या मालिकेने प्रेक्षकांना नवे विज्ञान दाखवले, तिनेच पुढे त्याकडे पाठ फिरवावी याचे वाईट वाटते. अंगभर पिसे असलेला पायरोरॅप्टर २०२२ मध्ये आला, तेव्हा पुराजीवशास्त्रज्ञ स्टीव्ह ब्रुसाटे मालिकेचे सल्लागार होते.

२०२५ च्या भागात टायटॅनोसॉरस हा लांब मानेचा शाकाहारी डायनासोर दिसतो आणि त्याचे मूळ आपल्याकडचे आहे. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध झालेले ब्रिटिश अधिकारी स्लीमन यांना १८२८ मध्ये जबलपूरला शेपटीचे मणके सापडले आणि त्यांवरून रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ मध्ये हे नाव दिले. तेवढ्या मणक्यांवरून स्वतंत्र प्रजाती ओळखता येत नाही, असे पुढील अभ्यासकांनी २००३ मध्ये ठरवले. साहजिकच पडद्यावर या नावाने दिसणारी मान, धड आणि डोके हे सारे नातलग प्राण्यांवरून आणि कल्पनेने रचलेले आहे.

महाराष्ट्रातील एका शोधाने तर चित्रपटांतील जमीनसुद्धा बदलली. डायनासोरांच्या काळी गवत नव्हते, असे पूर्वी मानले जाई. त्यामुळे बीबीसीने १९९९ मध्ये ‘वॉकिंग विथ डायनासोर्स’ ही मालिका काढताना बिनगवताच्या जागा मुद्दाम शोधल्या. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे मिळालेल्या अश्मीभूत विष्ठेचा अभ्यास ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. टायटॅनोसॉर गटातील प्राण्यांची मानल्या गेलेल्या या विष्ठेत गवताच्या किमान पाच गटांचे सिलिकाचे सूक्ष्म कण होते. गवत हा त्यांच्या आहाराचा लहानसाच भाग असावा, पण क्रिटेशियस या डायनासोर-युगातील शेवटच्या काळाच्या अखेरीस ते भारतीय भूखंडावर उगवत होते, हे त्यावरून सिद्ध झाले.