घड्याळाचं मागचं झाकण

सेकंदकाटा एकेक सेकंद सरकायचं सोडून दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारायला लागला, की घड्याळ बिघडलं असं बऱ्याच जणांना वाटतं. बिघाड नसतो तो, घड्याळाने दिलेली सूचना असते. सेलचं व्होल्टेज ठरावीक पातळीखाली उतरलं की आतली चिप दोन ठोके लागोपाठ देते आणि मग थोडा वेळ गप्प बसते. वेळ बरोबरच राहते, फक्त मालकाला कळतं की सेल आता थोड्या दिवसांचा सोबती आहे. सगळ्याच घड्याळांत ही सोय नसते. ज्यांत असते त्यांतही आपण ती पाहून न पाहिल्यासारखी करतो, घड्याळ बंद पडतं आणि कपाटाच्या खणात जाऊन पडतं. हे मात्र महागात पडतं. संपलेल्या सेलमधला अल्कली हळूहळू बाहेर झिरपतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होऊन पांढरी भुकटी धरते आणि तांब्याच्या बारीक पट्ट्या खाल्ल्या जातात. पुढे नवा सेल टाकूनही उपयोग होत नाही.

सेल टाकायला घड्याळवाल्याकडेच जायला हवं असं काही नाही. साधं क्वार्ट्झ घड्याळ घरी उघडता येतं. उघडून एकदा आत डोकवावंही, असं मी म्हणेन. फक्त एवढं लक्षात असू द्या की या सगळ्यात सेल बदलणं हा सोपा भाग आहे. कस लागतो तो झाकण परत बसवताना.

आधी घड्याळ उलटं करून झाकण कोणत्या जातीचं आहे ते बघायचं. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या काट्यांच्या घड्याळांत बहुतेक वेळा ते दाबून बसवलेलं असतं. स्टीलच्या डब्याचं झाकण जसं निव्वळ घट्टपणावर टिकतं, तसंच. त्याच्या कडेला कुठेतरी एक बारीक खाच असते. ती डोळ्यांना चटकन दिसत नाही, भिंग घेऊन आणि उजेड तिरका पाडून शोधावी लागते. त्या खाचेत पातळ पण बोथट पातं घालायचं आणि ते उचकटायचं नाही, जागच्या जागी किंचित पिळायचं. ‘टक’ असा आवाज येऊन झाकण सुटतं. धारदार सुरी वापरली तर ती निसटते आणि घड्याळाला ओरखडा नाहीतर बोटाला टाके, यातलं एक ठरलेलं. दुसरी जात चार बारीक स्क्रूंची. १९८९ पासून विकलं जाणारं कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे काळं डिजिटल घड्याळ याचं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण. इथे नेमक्या मापाचा स्क्रूड्रायव्हर हवा, नाहीतर स्क्रूचं डोकं झिजतं आणि काम तिथेच अडतं. तिसरं आट्यांचं झाकण. त्याच्या कडेला खाचा असतात आणि त्यांत दात अडकवून फिरवायचा पाना मिळतो. घरी बरेच जण कंपासपेटीतल्या कर्कटकाची टोकं खाचांत रोवून बघतात. झाकण उघडत नाही, त्यावर कायमची रेघ मात्र उमटते. त्यापेक्षा चिकट रबरी चेंडू झाकणावर दाबून उलटा फिरवावा. फार आवळलेलं नसेल तर निव्वळ घर्षणाने आटे सैल होतात.

उघडण्यापूर्वी झाकणाची कड जुन्या, कोरड्या टूथब्रशने घासून घ्या. घाम, साबण आणि मेलेली त्वचा यांचा जो राखाडी थर तिथे वर्षानुवर्षं साचलेला असतो, तो झाकण निघताना सरळ मशीनवर पडतो.

तर झाकण निघालं. काट्यांचं साधं घड्याळ असेल तर प्लॅस्टिकच्या कड्यात बसवलेलं छोटंसं मशीन समोर येतं आणि त्यात तीन गोष्टी ओळखू येतात: चकचकीत सेल, तांबूस तारेचं एक रीळ आणि जेमतेम सहा मिलिमीटर लांबीची, दोन मिलिमीटर जाडीची पत्र्याची नळी. घड्याळ चालतं ते या नळीतल्या स्फटिकावर. तिच्यातली हवा काढून टाकलेली असते आणि आत क्वार्ट्झचा इवलासा नादकाटा असतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला पोलादी नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटावा लागतो, याला वीज पुरते. क्वार्ट्झ दाबला की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो, हे १८८० साली पॅरिसमध्ये जाक आणि प्येर क्यूरी या भावांनी दाखवलं. याच्या उलटही होतं, म्हणजे वीज दिली की स्फटिक किंचित वाकतो. या दोन्ही गुणांच्या जोरावर नादकाटा एका लयीत थरथरत राहतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा.

हा आकडा विचित्र दिसतो, पण त्याला दोनने भागत जा. १६,३८४, ८,१९२, ४,०९६... पंधराव्या वेळी बरोबर १ उरतो. दोनने भागणं हे इलेक्ट्रॉनिक सर्किटसाठी सगळ्यात सोपं काम, म्हणून चिपमध्ये अशा पंधरा पायऱ्या असतात आणि शेवटच्या पायरीवर सेकंदाला एक ठोका मिळतो. कंपनं याहून बरीच कमी ठेवली तर स्फटिक मोठा करावा लागतो, आणि २०,००० च्या खाली आली तर ती माणसाच्या कानाच्या टप्प्यात येतात. बरीच वाढवली तर सेल लवकर संपतो. पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ, सेकोचं ॲस्ट्रॉन, २५ डिसेंबर १९६९ ला टोकियोत विक्रीला आलं तेव्हा त्यातला स्फटिक ८,१९२ वरच होता, म्हणजे तेरा पायऱ्या. किंमत होती साडेचार लाख येन. आज त्याच तत्त्वावर चालणारं घड्याळ रस्त्यावरच्या टपरीत टांगलेलं असतं.

सेकंदाचा ठोका मिळाला की तो तांबूस रिळात जातो. रिळाची तार केसाच्या निम्म्याहूनही बारीक, आणि वेढे हजारोंनी. काही मिलिसेकंदांपुरती वीज वाहते, रीळ चुंबक बनतं आणि शेजारचा गोल चुंबक अर्धा फेरा घेऊन थांबतो. पुढच्या सेकंदाला वीज उलट्या दिशेने, की आणखी अर्धा फेरा. मार्यूस लाव्हे या फ्रेंच अभियंत्याने १९३६ मध्ये शोधलेली ही मोटर, आणि आपल्याला ऐकू येणारी टिकटिक तिचीच. घरच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त घड्याळं मरतात ती इथेच. सेल उचकटताना स्क्रूड्रायव्हर घसरतो, रिळाला लागतो, एक तार तुटते. ती डोळ्यांना दिसतसुद्धा नाही आणि जोडताही येत नाही, मग अख्खं मशीन बदलावं लागतं. म्हणून सेल काढताना धातूची टोकदार वस्तू हातात घेऊच नका. त्याला धरून ठेवणारी पट्टी सैल करायची, ती स्क्रूने लावलेली असेल तर स्क्रू आधी काढायचा, आणि लाकडी टूथपिकने सेल रिळाच्या विरुद्ध बाजूने उचलायचा. नवा सेल प्लॅस्टिकच्या चिमट्याने बसवायचा. लोखंडी चिमट्याचं एक टोक सेलच्या कडेला आणि दुसरं खालच्या बाजूला टेकलं तर दोन्ही ध्रुव थेट जोडले जातात.

सेलवरचे आकडे वाचता आले की दुकानात फसायला होत नाही. काट्यांच्या घड्याळांत सर्रास सापडणारा सेल म्हणजे एसआर ६२६ एसडब्ल्यू, ज्याला ३७७ असंही म्हणतात. ‘एस’ म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड, ‘आर’ म्हणजे गोल, ‘६’ हा व्यासाचा संकेत (प्रत्यक्षात ६.८ मिलिमीटर) आणि ‘२६’ म्हणजे २.६ मिलिमीटर जाडी. याच मापाचा एलआर ६२६ किंवा एजी ४ नावाचा सेल बराच स्वस्त मिळतो. तो बसतो, घड्याळही चालू होतं. पण तो अल्कलाइन. त्याचं व्होल्टेज दीडपासून सुरू होऊन वापराबरोबर घसरत जातं, आणि पाझरण्याची भीतीही जास्त. सिल्व्हर ऑक्साइडचा सेल जवळजवळ अखेरपर्यंत १.५५ व्होल्टवर टिकतो आणि मग एकदम बसतो. मोटरला तेच हवं असतं. आत जस्त आणि सिल्व्हर ऑक्साइड यांची अभिक्रिया होते, जस्ताचं ऑक्साइड बनतं आणि चांदी मोकळी होते. म्हणजे टाकून दिलेल्या सेलमध्ये खरीखुरी चांदी असते, अगदी थोडी. घड्याळवाले जुने सेल साठवून ठेवतात ते उगीच नव्हे.

सेल किती दिवस चालेल याचा हिशोब कागदावर मांडता येतो. ३७७ ची क्षमता साधारण २६ मिलिअँपिअर-तास. साधं घड्याळ एक मायक्रोअँपिअरच्या, म्हणजे मिलिअँपिअरच्या हजाराव्या भागाच्या आसपास वीज घेतं. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे वर्षाला पावणेनऊ मिलिअँपिअर-तास खर्च. जवळजवळ तीन वर्षं. वर्षभरातच सेल संपायला लागला तर सेल जुना होता, नकली होता, किंवा मशीन जास्त वीज खातंय.

डिजिटल घड्याळात नवा सेल टाकूनही पडदा कोराच राहतो किंवा भलतेच आकडे दिसतात, आणि घाबरायला होतं. मशीनवर ‘एसी’ अशी अक्षरं आणि शेजारी एक ठिपका असेल तर तो ठिपका आणि सेलची वरची बाजू धातूच्या चिमट्याने दोनेक सेकंद जोडा. चिप पहिल्यापासून सुरू होते. धातूचा चिमटा वापरायची ही एवढीच जागा.

अशा घड्याळांत बहुधा सीआर २०१६ सारखा तीन व्होल्टचा लिथियम सेल असतो, २० मिलिमीटर व्यासाचा. घरात लहान मूल असेल तर टेबलावर पडलेला हा सेल घड्याळापेक्षा महत्त्वाचा. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर ओलसर उतींतून वीज वाहते, ऋण बाजूला कॉस्टिक सोडा तयार होतो आणि दोन तासांत गंभीर भाजतं. सेल संपलेला असला तरी हे होऊ शकतं. शंका आली तरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं.

आता झाकण. त्याच्या कडेच्या खोबणीत एक काळी रबरी रिंग असते. उघडताना ती बहुधा झाकणाला चिकटून निघते किंवा खोबणीतून अर्धवट सुटते. ती पसरट झालेली असेल, नखाने दाबून परत वर येत नसेल, तर बदलायचीच. चांगली असेल तर पुसून, सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरवून परत खोबणीत बसवायची. ग्रीस जास्त नको, ते धूळ धरतं. व्हॅसलिन लावायचा मोह होतो, पण पेट्रोलियमपासून बनलेले पदार्थ काही रबरांना फुगवतात. दाबून बसणाऱ्या झाकणाच्या कडेला एके ठिकाणी छोटा खळगा असतो. तो नेमका चावीच्या समोर यायला हवा, कारण चावीची दांडी तिथून आत जाते. हे न बघता लोक अंगठ्याने जोर लावत बसतात. झाकण एका कडेने बसतं, दुसरीने उचलतं, रिंग मध्ये चिमटते, आणि वाईट म्हणजे पुढची काच तडकते. घड्याळ मऊ कापडावर पालथं ठेवून दोन्ही अंगठ्यांनी समोरासमोर सारखा दाब द्यायचा. तरीही बसलं नाही तर जोर वाढवू नका, घड्याळवाल्याकडे न्या. त्याच्याकडे दाबयंत्र असतं आणि काम मिनिटाचं आहे.

झाकण लावण्याची वेळही बघावी. कोकणात जुलैमध्ये भर पावसात खिडकीशी बसून घड्याळ बंद केलं तर आत ओली हवा कोंडली जाते. ३० अंशाला पूर्ण दमट हवेत घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प असतं. २० अंशाला हवा सतराच ग्रॅम पेलू शकते. घड्याळात मोकळी जागा समजा एक घन सेंटिमीटर. तेच घड्याळ घालून तुम्ही एसीत जाऊन बसलात की तेराएक मायक्रोग्रॅम पाणी काचेच्या आतल्या बाजूला धुकं होऊन बसतं. पाणी कुठून शिरलं म्हणून मग शोधाशोध सुरू होते, आणि ते शिरलेलं नसतंच. पावसाळ्यात हे काम कोरड्या दिवशी किंवा एसी चालू असलेल्या खोलीत करावं.

खरोखर पाणी शिरतं ते मात्र वेगळं. झाकणावरचे ‘३० मीटर’ वाचून तेवढं खोल बुडता येतं असा समज करून घेऊ नये. दहा मीटर पाण्याचा दाब साधारण एक वातावरण, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाइतका, या हिशोबाने तीन वातावरणांचा स्थिर दाब नव्या घड्याळाच्या नमुन्याने सोसला, एवढाच त्याचा अर्थ. हात धुताना उडालेलं पाणी चालेल, विहिरीत सूर मारणं नाही. शिवाय तो आकडा कारखान्यातून निघालेल्या न उघडलेल्या घड्याळाचा. एकदा झाकण काढलं की तो गृहीत धरता येत नाही.

पोहायला घालायचं घड्याळ असेल तर सेल बदलल्यावर प्रेशर टेस्ट करून घ्यावी. काचेच्या बंद नळकांड्यात अर्ध्यापर्यंत पाणी असतं आणि घड्याळ पाण्याच्या वर, हवेत टांगलेलं. आत हवा भरून दाब वाढवतात. कुठे फट असेल तर ती हवा घड्याळात शिरते. मग घड्याळ पाण्यात उतरवून दाब हळूहळू कमी करतात. आत शिरलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू लागली की घड्याळ लगेच वर ओढायचं, हवेच्या जागी पाणी आत जायच्या आत. बुडबुडे झाकणाकडून आले तर रिंग बदलून पुन्हा एकदा बघता येईल. चावीकडून किंवा काचेच्या कडेने आले तर ते काम घरचं नाही.