अ‍ॅश्टन जेंटीचं कौतुक आणि रनिंग बॅकचा जुना हिशेब

२४ एप्रिल २०२५ रोजी ग्रीन बे इथे झालेल्या एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) लास व्हेगास रेडर्सनी सहाव्या क्रमांकावर अ‍ॅश्टन जेंटीला घेतलं. बॉइसी स्टेट विद्यापीठाचा हा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) तेव्हा २१ वर्षांचा होता. उंची पाच फूट साडेआठ इंच, वजन २११ पौंड, म्हणजे साधारण ९६ किलो. २०१८ मध्ये न्यू यॉर्क जायंट्सनी सेक्वॉन बार्क्लीला दुसऱ्या क्रमांकावर उचललं, त्यानंतर एवढ्या वरच्या क्रमांकावर कुठलाच रनिंग बॅक गेला नव्हता. आदल्या वर्षी तर पहिल्या फेरीत एकाही रनिंग बॅकचं नाव निघालं नव्हतं. हे लक्षात घेतलं की जेंटीच्या वाट्याला आलेलं कौतुक किती दुर्मीळ होतं ते कळतं.

आधी आकड्यांचा अंदाज घेऊ. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीच्या निम्म्याहूनही कमी अंतर. दर धावेमागे, म्हणजे चेंडू घेऊन एकदा धावण्यामागे, चार यार्ड मिळाले तरी प्रशिक्षक खूश असतो. जेंटीने २०२४ च्या मोसमात १४ सामन्यांत ३७४ वेळा चेंडू घेऊन २,६०१ यार्ड काढले. सरासरी जवळपास सात यार्ड, शिवाय धावून केलेले २९ टचडाऊन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेणं). जॉर्जिया सदर्नविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात २० धावांत २६७ यार्ड आणि सहा टचडाऊन झाले. प्रतिस्पर्धी दुबळा होता म्हणून नाक मुरडणाऱ्यांना पुढच्याच आठवड्यात उत्तर मिळालं. बलाढ्य ओरेगनविरुद्ध बॉइसी स्टेट ३७-३४ असं हरलं, पण जेंटीने १९२ यार्ड आणि तीन टचडाऊन केले.

महाविद्यालयीन फुटबॉलमधला एका मोसमाचा विक्रम आहे २,६२८ यार्डांचा. तो १९८८ मध्ये ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सने केला. सँडर्स त्याआधी दोन वर्षं थर्मन थॉमसच्या मागे राखीव खेळाडू होता. मोकळीक मिळाली त्या एकाच वर्षात त्याने हा डोंगर उभा केला, तोही ११ सामन्यांत. त्या काळी मोसमाअखेरच्या बोल सामन्यातले आकडे अधिकृत नोंदीत धरत नसत. हॉलिडे बोलमधले त्याचे २२२ यार्ड त्यामुळे हिशेबाबाहेर राहिले. बोल सामने मोजायला सुरुवात झाली २००२ पासून. जेंटी १४ सामने खेळून २७ यार्ड कमी पडला. सामन्यामागे पाहिलं तर सँडर्सचे २३९ यार्ड होतात आणि जेंटीचे १८६. जेंटीचा मोसम मोठाच, पण त्याला सँडर्सच्या बरोबरीला बसवणं हे उत्साहाचं बोलणं झालं.

मग कौतुक नेमकं कशाचं? धक्का लागल्यावरही न ढळणाऱ्या तोलाचं. त्याच्या यार्डांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश यार्ड पहिला बचावपटू अंगाला भिडल्यानंतर आले. कंबर खाली, पावलं आखूड आणि दोन्ही पाय शरीराखालीच, अशी त्याची धाव असते. लांब ढांग टाकणाऱ्याचा एक पाय हवेत असतानाच धक्का बसतो आणि तो आडवा होतो. जेंटीचे पाय सतत जमिनीला लागत असल्याने खांद्यावर आलेला धक्का मांड्यांतून जमिनीत उतरतो. डाव सुरू होण्याआधीची त्याची उभं राहण्याची ढबही चर्चेचा विषय झाली. बहुतेक रनिंग बॅक गुडघे वाकवून, हात मांड्यांवर टेकून उभे राहतात. हा मात्र सरळ ताठ, हात बाजूला सोडून. उंची कमी असल्याने समोरच्या धिप्पाड लाइनमनच्या (सर्वांत पुढे एकमेकांना भिडणाऱ्या खेळाडूंच्या) फळीपलीकडचं दिसायला ते बरं पडतं.

याहून अवघड गोष्ट म्हणजे धीर. इनसाइड झोन हा सर्वांत नेहमीचा डाव घ्या. पाचही लाइनमन एकाच दिशेने पाऊल टाकतात. रनिंग बॅकला ठरलेली फट नसते, त्याने बचावफळीतल्या पहिल्या खेळाडूची हालचाल वाचून तीनपैकी एक वाट धरायची असते: सरळ घुसायचं, मागे वळून उलट्या बाजूने कापायचं, किंवा बाहेरच्या कडेला जायचं. यात आपल्या लाइनमनच्या टाचांपर्यंत जाऊन मगच वळायचं असतं, कारण तोवर लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीच्या मागे उभा असलेला बचावपटू, त्या फटीकडे ओढला जातो. एक पाऊल आधी वळलं तर लाइनबॅकर जागचा हलत नाही आणि समोरच उभा सापडतो. एक पाऊल उशीर झाला की आपल्याच माणसाच्या पाठीवर आदळायला होतं. शाळेत सगळ्यांपेक्षा वेगवान असलेली पोरं दर वेळी बाहेरची वाट धरतात, तिथे ती चालून जाते. व्यावसायिक लाइनबॅकर मात्र कडेपर्यंत धावत येतो आणि चार यार्ड मिळायचे तिथे दोन यार्डांचा तोटा होतो.

२०२४ च्या शेवटच्या दिवशी फिएस्टा बोलमध्ये पेन स्टेटने बॉइसी स्टेटला ३१-१४ असं हरवलं. जेंटीला ३० धावांत १०४ यार्डच मिळाले आणि चेंडूही हातून निसटला. पेन स्टेटने मधली जागा माणसांनी भरून टाकली आणि पहिला टॅकल (धावणाऱ्याला धरून पाडण्याचा प्रयत्न) चुकला तरी मागून दुसरा-तिसरा येऊन भिडेल अशी सोय केली. चेंडू पकडायची शिस्त ठरलेली आहे: टोकावर बोटं, मग तळहात, पुढचा हात, दंड आणि छाती, पाचही ठिकाणी दाब. पहिला टॅकल तोडताना तोल सावरायला हात शरीरापासून सुटतो आणि नेमका तेव्हाच दुसरा बचावपटू चेंडूवर ठोसा मारतो. ज्याचा गुण टॅकल तोडणं, त्याला हा धोका जास्तच.

सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन पुरस्काराच्या त्या वर्षीच्या मतदानात जेंटी ट्रॅव्हिस हंटरच्या मागे दुसरा आला. १९३५ मध्ये पहिला हाइझमन मिळवणारा जे बर्वँगर चेंडू घेऊन धावणाराच होता आणि पुढे कित्येक दशकं हा पुरस्कार जणू रनिंग बॅकचाच होता. २०१५ च्या डेरिक हेन्रीनंतर तो एकाही रनिंग बॅकला मिळालेला नाही.

कोवळ्या वयातल्या रनिंग बॅकला डोक्यावर घेण्याची रीत पक्की झाली १९७२ नंतर. त्या वर्षापासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळायची मुभा मिळाली. १९८० मध्ये जॉर्जिया विद्यापीठाच्या हर्शेल वॉकरने पहिल्याच वर्षी १,६१६ यार्ड काढले आणि संघ राष्ट्रीय विजेता झाला. पण खेळाडूच्या महाविद्यालयीन वर्गाची चार वर्षं होईपर्यंत एनएफएलची दारं बंद होती. वॉकर तिसऱ्या वर्षानंतर, १९८३ मध्ये, यूएसएफएल या प्रतिस्पर्धी लीगमध्ये गेला. १९८९ मध्ये सँडर्सला विशेष परवानगीने ड्राफ्टमध्ये घेतलं गेलं आणि पुढच्या वर्षीपासून शाळा संपल्यावर तीन वर्षं थांबण्याची अट आली. ओहायो स्टेटच्या मॉरिस क्लॅरेटने ती कोर्टात आव्हानित केली. पहिल्याच मोसमात राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा हा मुलगा फेब्रुवारी २००४ मध्ये खालच्या कोर्टात जिंकला आणि मे महिन्यात अपिलात हरला. २००५ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोसनी त्याला तिसऱ्या फेरीत घेतलं, पण एकही अधिकृत सामना न खेळवता सोडून दिलं. अट आजही तशीच आहे.

या जागेवर तीन वर्षांची किंमत फार मोठी असते. पास फेकणारा क्वार्टरबॅक पस्तिशीतही भरात असतो, रनिंग बॅकची घसरण बहुधा २७-२८ च्या आसपास सुरू होते. साउथ कॅरोलिनाचा मार्कस लॅटिमोर २०१० मध्ये पहिल्याच वर्षी गाजला. लागोपाठ दोन मोसमांत त्याचे गुडघे मोडले आणि २०१४ मध्ये, एनएफएलचा एकही सामना न खेळता, तो निवृत्त झाला. जास्त वेळा धावायला लावण्याचाही फटका बसतो. डीमार्को मरेने २०१४ मध्ये डॅलसकडून ३९२ धावांत १,८४५ यार्ड केले. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात तो ७०२ वर आला. संघ बदलला, डाव बदलले, सगळं खरं, तरी ३९२ हा आकडा विसरता येत नाही. जेंटीच्या ३७४ कडे जाणकार त्याच नजरेने पाहत होते.

दुसरी शंका पासच्या वेळची. २०२३ मध्ये त्याने ४३ पास झेलून ५६९ यार्ड मिळवले होते. २०२४ मध्ये २३ झेल आणि १३८ यार्ड एवढेच, पण तो प्रामुख्याने डावांच्या आखणीचा परिणाम होता. खरी परीक्षा क्वार्टरबॅकला वाचवण्याची असते. धावून येणाऱ्यांत आधी आतला बघायचा, मग बाहेरचा, कारण आतून येणाऱ्याला क्वार्टरबॅकपर्यंतचं अंतर सर्वांत कमी पडतं. इथे चुकणाऱ्या नवख्याला तिसऱ्या डाऊनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) बाकावर बसवतात, मग तो कितीही यार्ड काढो.

पैशाचं गणितही ध्यानात घ्यायला हवं. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११ च्या करारापासून नवख्यांचा मोबदला ड्राफ्टमधल्या क्रमांकावर ठरतो. जेंटीला चार वर्षांचे सुमारे ३.६ कोटी डॉलर मिळाले, तेही पूर्ण हमीचे. पाचवं वर्ष वाढवायचं की नाही हे संघाच्या हातात, त्यानंतर फ्रँचायझी टॅग लावून आणखी एक वर्ष अडवायचीही सोय. बार्क्ली याच वाटेने गेला. २०२३ मध्ये जायंट्सनी त्याला टॅगवर अडवलं, २०२४ मध्ये तो फिलाडेल्फियाला गेला, २,००५ यार्ड काढले आणि सुपर बोल (एनएफएलचा अंतिम सामना) जिंकला. त्यानंतर, २८ व्या वर्षी, त्याला वर्षाला दोन कोटींवर डॉलरचा करार मिळाला. रेडर्सनी पाचवं वर्ष घेतलं तर ते २०२९ च्या मोसमाचं असेल, आणि त्या डिसेंबरात जेंटी २६ वर्षांचा होईल.