कोयता उगारला तर ‘तीनशे त्रेपन्न’? नाही!

कोल्हापुरात मिरजकर तिकटीला चहा घेताना परवा पुन्हा तेच ऐकलं, “पोलिसावर कोयता उगारला तरी तीनशे त्रेपन्नच लागतंय, दोन वर्षांवर काय होत न्हाई.” तरण्या पोरांनी हे खरं धरलं तर वाटोळं होईल, म्हणून लिहितोय.

३५३ हे जुन्या भारतीय दंडसंहितेतलं, सरकारी नोकराला कामापासून रोखायला हल्ला करण्याबद्दलचं कलम. महाराष्ट्रात तर २०१८ पासून त्याची कमाल शिक्षा ५ वर्षं होती. १ जुलै २०२४ पासून देशभर भारतीय न्याय संहिता लागू आहे; तिच्यात ३५३ क्रमांकाला अफवा पसरवण्याचा गुन्हा आहे.

दोन वर्षं आली कुठून? सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी हल्ला किंवा बळजबरी केली, तर आता कलम १३२. कमाल शिक्षा २ वर्षं, तेही अजामीनपात्र. पण गोष्ट तिथं थांबत नाही. समजा, नाकाबंदीवरच्या हवालदारानं वार चुकवायला हात आडवा धरला. मनगटाला नुसतं खरचटलं तरी कलम १२१, ५ वर्षांपर्यंत. हाड मोडलं तर ती गंभीर दुखापत: किमान १, कमाल १० वर्षं. धारदार हत्यारानं गंभीर दुखापत केली की कलम ११८ सुद्धा, त्यात जन्मठेपेपर्यंत तरतूद आहे. जीव घ्यायचाच इरादा दिसला, तर कलम १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न. एकाच घटनेत ही कलमं एकत्र लागू शकतात.

आणि हो, “साध्या कपड्यात होता, मग पोलीस कसा?” हेही चालत नाही. कायदा गणवेश नव्हे, कर्तव्य बघतो.