ओ दिसतो पण ओ नाही : बॉम्बे ब्लड ग्रुप कुठून आला

ओ ग्रुप म्हणजे युनिव्हर्सल डोनर, कुणालाही चालतो, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण काही माणसांना ओ चं रक्त चढवलं तर थेट जीवावर बेततं, आणि गंमत म्हणजे साध्या टेस्टमध्ये त्यांचा रिपोर्ट पण ओ असाच येतो. हे पहिल्यांदा पकडलं गेलं आपल्या परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये, म्हणून त्या ग्रुपचं नाव बॉम्बे ब्लड ग्रुप.

त्याच्या आधीचं थोडक्यात. कार्ल लँडस्टायनर या डॉक्टरने १९०१ साली व्हिएन्नात ए, बी आणि ओ हे रक्तगट वेगळे करून दाखवले (१९३० चं नोबेल त्याचंच) आणि मग कितीतरी वर्षं ओ म्हणजे ए पण नाही, बी पण नाही, कोरी पाटी, असंच समजत होते. लंडनचे संशोधक मॉर्गन आणि वॉटकिन्स मात्र म्हणत होते की ओ च्या पेशीवरही काहीतरी आहे, त्याला त्यांनी एच नाव दिलं. पण एच अजिबातच नसलेला माणूस कुणी बघितलेला नव्हता.

तो सापडला मुंबईत. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया यांच्यासमोर असं रक्त आलं की अँटी-ए टाका, अँटी-बी टाका (ए किंवा बी असेल तर गुठळ्या करणारे टेस्टचे थेंब), काही होत नाही, थेंब तसाच गुळगुळीत लाल, म्हणजे ओ च म्हणायला पाहिजे ना, पण त्याच माणसाचा सीरम (रक्तातला पेशी नसलेला पातळ भाग) ओ च्या पेशींवर टाकला की दूध फाटावं तशा गुठळ्या, म्हणजे त्याचं रक्त ओ वरच्या एच लाच परका समजून हल्ला करत होतं! हाताखालचा माणूस चुकला असेल, पुन्हा कर, म्हणून सोडून देणं किती सोपं होतं. त्यांनी ते सोडलं नाही, सँपल लंडनला गेले, तिथे रक्तगटांचे अभ्यासक रेस आणि सँगर, शिवाय मॉर्गन-वॉटकिन्स, सगळे यात आले, आणि १९५२ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये तीन माणसांवरचा छोटासा पेपर आला. मला विचाराल तर तो ज्ञानापेक्षा चिकाटीचा पेपर आहे.

झालं असं की एच हा पाया, ए आणि बी त्याच्यावर चढवलेले मजले. पायाच नसेल तर मजला कुठून येणार, ए किंवा बी चा जीन असला तरी. म्हणून आई एबी असून पोरगं टेस्टमध्ये ओ दिसू शकतं, आणि यावरून घरात काय काय संशय येत असतील ते सांगायला नको. एच बनवणारा जीन, एफयूटी१, १९९० मध्ये शोधून काढला.

भारतात साधारण दहा हजारात एक असं धरतात, युरोपात दहा लाखात एकाच्या आसपास. आणि या माणसाला फक्त बॉम्बे ग्रुपचंच रक्त चालतं, स्वतः मात्र तो तसा ओ सारखा कुणालाही देऊ शकतो!! पण लाल पेशी फ्रीजमध्ये साधारण ३५ दिवसच टिकतात, त्यामुळे पिशव्या भरून ठेवून फार उपयोग होत नाही, गरज पडली की डोनरला फोन जातो, आणि ऑपरेशन आधीपासून ठरलेलं असेल तर पेशंटचंच रक्त काढून ठेवतात.